दौलतमास्तरची चाल

मिसेस हेगर्टींचा रक्तदाब मोजून मी दंडाचा पट्टा सोडत होते, आणि त्यांच्या उशाजवळच्या रेडिओवर माझ्या वडिलांची चाल लागली.

आधी वाटलं, कान वाजतायत. घर सोडून दोन वर्षं झालेली, त्यात ड्यूटीवर ड्यूटी, होतं माणसाला असं कधीकधी. पण नाही. बासरी होती, आपली बांबूची, संथ आणि गुळगुळीत, मागे कोणीतरी गिटार छेडत होतं. पट्टा अर्धवट सोडून मी रेडिओचा आवाज वाढवला. चाल शेवटच्या वळणावर आली, खाली उतरता उतरता एकदम उडी मारून वरच्या सप्तकात जाऊन बसली, आणि माझी खात्रीच पटली.

मग निवेदक बोलला, "पारंपरिक धून. भारतातल्या कृष्णा नदीकाठच्या एका जुन्या बासरी घराण्यातून आलेली. वादक आणि संयोजक, आपल्या क्लेअरमध्येच राहणारे निनाद परचुरे."

"किती आलाय गं?" मिसेस हेगर्टींनी विचारलं.

"तुमचा ठीक आहे," मी म्हणाले. "माझा बघायला पाहिजे."

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला क्लेअर म्हणून परगणा आहे, तिथल्या इस्पितळात मी नर्स होते. तिथल्या माणसांशी माझं सगळं बोलणं इंग्रजीतून, पण इथे मी ते आपल्या भाषेत सांगते. मी मूळची मिरजेची, सुलक्षणा खरात. तिकडे कुणाला ‘सुलक्षणा’ जमेना, म्हणून सगळे सुला म्हणायचे. आणि रेडिओवर जे कृष्णाकाठचं जुनं बासरी घराणं सांगितलं ना, ते घराणं म्हणजे माझे आबा. दौलत खरात. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे.

मिरजेत सतार करणाऱ्यांना नाव आहे, गवयांना नाव आहे. बँडवाल्याला कुठलं आलंय नाव. लग्नाच्या खर्चात मांडववाला, आचारी, तसा बँड. वरातीत पोरं म्हणतील ते सिनेमाचं गाणं आबा वाजवायचे, घामाघूम होऊन. पण नवरी निघाली, आईच्या गळ्यात पडली, की हात वर करून ते ढोल-ताशा सगळा थांबवायचे आणि एकट्याने एक चाल वाजवायचे. त्यांची स्वतःची. सहा मात्रांची, दादऱ्यातली. तोवर न रडलेल्या बायकाही पदर डोळ्याला लावायच्या. पण नवरी गाडीत बसली की झालं, पुढचं लग्न. ही चाल कुणाची हो, असं आजवर एकाने विचारलं नाही. आणि आता विचारून उपयोग नव्हता, कारण आबांचे पुढचे दात गेले होते. क्लॅरनेटवाल्याचे दात गेले म्हणजे सगळंच गेलं. कवळी लावून फुंकून बघितलं त्यांनी, नुसती हवा. मग पेटीत ठेवून दिलं ते वाद्य.

आता परचुऱ्याचं सांगते.

निनाद परचुरे भेटला शेजारच्या लिमरिक शहरातल्या मराठी लोकांच्या गणपतीत. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. लहानपणापासून गुरूकडे बासरी शिकलेला आणि आता तिथली लाकडी फ्लूट शिकत होता. मी वादकाची पोरगी म्हटल्यावर त्याला कोण आनंद. "अगं मग नोराकडे चल की शनिवारी. मी तुला गाडीतून घेऊन जाईन." मला गाडी येत नव्हती. माणूस वाईट वाटला नाही, खोटं कशाला बोलू.

नोरा कॉन्सिडाइन म्हणजे जवळच्या एका गावातली निवृत्त मास्तरीण. तिच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी गावातले लोक वाजवायला जमायचे. कपबशांच्या फळीवर तिने टिन व्हिसल मांडलेल्या असायच्या. मी त्यांना शिट्ट्याच म्हणते, वीतभर नळी, सहा भोकं, तोंडात धरून फुंकायची. पहिल्या दिवशी तिने मला सगळ्या वाजवायला लावल्या. पितळेची गोड, पण वर गेली की किंचाळते. निकेलचा मुलामा दिलेली खणखणीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी. एक जुन्या पद्धतीची, पत्रा गुंडाळून केलेली, तोंडाशी लाकडाचा गट्टू. तिच्यात सूर कमी आणि वाराच जास्त. पण मला तीच आवडली.

"का?" नोराबाईंनी विचारलं.

"माणूस फुंकतोय असं ऐकू येतं."

"मग घे तीच. फ्लूटच्या मागे लागू नको अजून. ती ओठ मागते, आणि दोन महिने नुसती चक्कर देते."

ते खरं होतं. काळ्या लाकडाची ती आडवी फ्लूट मी एकदा फुंकून बघितली तर डोळ्यांपुढे काजवे. निनादला आवाज पहिल्या झटक्याला निघाला, आपल्या बासरीवर हात बसलेला ना. पण त्याच्या बोटातली मींड जाईना. दोन सुरांमध्ये तो लोण्यासारखा घसरायचा आणि नोराबाई टेबलावर चमचा आपटायच्या. "सरकू नको रे. आम्ही सूर तोडतो."

मला मात्र दुसरीच अडचण. आपल्या बासरीत सा तीन बोटांवर असतो, आणखी बोटं झाकत खाली गेलं की मंद्रातल्या पंचमापर्यंत जागा असते. यांच्या शिट्टीत सगळी भोकं बंद केली की तोच यांचा सा. त्याच्याखाली जमीनच. आबांची चाल शेवटी खाली उतरते, ‘सा’च्याही खाली, क्लॅरनेटला ते सहज जायचं. शिट्टीवर मला ते करता येईना. मग मी शेवटचे चार सूर उचलून वरच्या सप्तकात टाकले. उतरायच्या जागी उडी. चाल तशी लंगडीच झाली, पण वाजली तरी.

एका शनिवारी नोराबाईंकडून परतताना गाडीत मी ती वाजवत होते. निनादने गाडी कडेला घेतली.

"परत वाजव."

मी वाजवली.

"काय आहे हे? आणि ती शेवटची उडी, काय सुंदर आहे."

"आबांची आहे. म्हणजे उडी माझी, शिट्टीला खाली जागा नाही म्हणून. चाल आबांची."

"थांब, मोबाइलवर घेतो. मला बसवायची आहे." आणि मी दिली. खुशीत दिली, वाटलं, आबांची चाल कुणीतरी मागितली.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मिसेस हेगर्टींचा रेडिओ. बांबूच्या बासरीला खाली भरपूर जागा असताना याने उडी मारलेली. माझी अडचण याने घराण्याची शोभा म्हणून वाजवली, आणि वर नाव परंपरेचं.

त्या शनिवारी तो नेहमीसारखा मला घ्यायला आला. मी गाडीत बसले, पट्टा लावला.

"रेडिओवर ऐकली मी तुमची धून."

"ऐकलीस? अगं सांगणारच होतो. सीडी निघतेय आमची. आवडली?"

"कुठल्या घराण्याची आहे?"

तो जरा चाचरला. "ते कंपनीवाल्यांनी लिहिलं गं. लोकांना जरा पार्श्वभूमी लागते."

"माझ्या वडिलांचं नाव का नाही?"

"सुलू, हे बघ. लोकसंगीतच आहे ना ते शेवटी. बँडवाल्यांच्या चाली कुठून कुठून आलेल्या असतात, त्यांनाही माहीत नसतं."

"आबांना माहीत आहे. त्यांनी केली. माझ्या आत्याच्या लग्नात पहिल्यांदा वाजवली, मी आईच्या कडेवर होते."

"बरं, असेल. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग पुढच्या कार्यक्रमात सांगा स्टेजवरून. दौलत खरातांची चाल, एवढंच सांगा. बाकी काही नको मला."

त्याने गिअर बदलला. आणि मग बोलला ते असं. "अगं, बासरी हातात घेऊन ‘ही लग्नाच्या बँडमधली’ म्हटलं ना, की मूडच जातो. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

कळत होतं. चांगलं कळत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी त्याला गाडी थांबवायला सांगितली आणि नोराबाईंच्या घरापर्यंत चालत गेले. चालता चालता त्याला मिरजेच्या सगळ्या शिव्या देऊन झाल्या, आणि शिव्या संपल्यावर मी ठरवलं की या माणसाचं नाक मी चारचौघांत कापणार. असं कापणार की बासरी तोंडाला लावायची त्याला लाज वाटली पाहिजे.

तो त्यानंतर नोराबाईंकडे आला नाही. मी मात्र एकही शनिवार चुकवला नाही. एक दिवस सगळे गेल्यावर मी त्यांना ती चाल वाजवून दाखवली. त्यांनी चहा गाळता गाळता ऐकली.

"कुणाकडून मिळाली?"

तिथली रीत आहे ही. नवी चाल वाजवलीस तर आधी सांगायचं, कुणाकडून घेतली. सूर चुकला तर चालतो, हे चुकवलेलं चालत नाही.

"वडिलांकडून. त्यांचीच आहे. दौलत त्यांचं नाव. बँडमधली पोरं त्यांना मास्तर म्हणायची."

"मग ही मास्टर दौलत्स झाली. छान जिग आहे."

मास्टर दौलत्स म्हणजे दौलतमास्तरची. आपला दादरा आणि त्यांची नाचाची जिग, दोन्ही सहाचेच. मग मी त्यांना बाकीचं सगळं सांगितलं. गाडी, मोबाइल, रेडिओ. नोराबाईंनी ऐकून घेतलं आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"वाजवत राहा. दर शनिवारी वाजव, इतरांना शिकव, कुणाची ते सांगत जा. चाल आपल्या पायांनी फिरते. दहा वर्षांनी त्या परचुरेला कोण ओळखतंय?"

"दहा वर्षं? तोवर माझे वडील राहायचे नाहीत."

"सुला, चालीचं नाव आपण ठेवत नाही, लोक ठेवतात. इथे एक माणूस होता, आयुष्यभर चाली करत बसला बिचारा. एका वर्षी त्याची गाय विहिरीत पडली. त्या आठवड्यात त्याची जी चाल सगळीकडे वाजत होती ना, तिला अजून लोक ‘विहिरीतली गाय’ म्हणतात. त्याचं नाव मलासुद्धा आठवत नाही."

मी हसले, पण माझं लक्ष कुठे होतं. माझ्या डोक्यात परचुरे.

मी शिकवायला घेतली. नोराबाईंच्या शनिवारच्या मंडळींना आधी, मग त्यांनी आपापल्या गावात नेली. पोस्टमन मार्टिन टॉल्टी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवायचा, त्याला तर वेडच लागलं तिचं. उन्हाळा येईतो आसपासच्या सगळ्या पबमध्ये ती वाजू लागली. जो-तो विचारायचा, कुठली? आणि जो-तो सांगायचा, मास्टर दौलत्स, सुलाच्या वडिलांची. म्हणजे मला जे हवं होतं ते झालंच होतं. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण ऑगस्टच्या शेवटी गावचा संगीत मेळा असतो, आणि त्याचं पत्रक आलं. शनिवारी संध्याकाळी, चर्चच्या हॉलमध्ये, निनाद परचुरे आणि साथीदार.

मग मी काय केलं ते ऐका. नोराबाईंकडच्या सगळ्यांना मी सांगितलं, "निनाद आपली चाल वाजवणार आहे. आमच्या देशात पाहुणा वाजवायला बसला की त्याच्या मानासाठी सगळ्यांनी साथ करायची असते. दुसऱ्या आवर्तनाला शिट्ट्या काढा."

असली काही रीत आपल्याकडे नाही. आपल्याकडे मैफलीत कुणी मधेच वाजवायला लागलं तर त्याला बाहेर काढतील. पण ती भोळी माणसं, त्यांना ते फार आवडलं. नोराबाई तेवढ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

हॉल गच्च भरला होता. परचुरे सिल्कचा कुडता घालून आला, गळ्यात उपरणं. शेजारी गिटारवाला. सूत्रसंचालन करायला गावातलेच गृहस्थ, मिस्टर हेहिर. परचुऱ्याने मला बघितलं, मान डोलावली. मला वाटतं, त्याला वाटलं मी विसरले.

शेवटची धून म्हणून त्याने तीच घेतली. आधी भाषण. कृष्णेचा घाट, संध्याकाळचे दिवे, गुरूंच्या पायाशी बसून मिळालेलं हे लेणं. मिरजेत उभा तरी राहिलाय का हा कधी, मी मनात म्हटलं. मग त्याने डोळे मिटले आणि सुरू केली.

पहिलं आवर्तन झालं. दुसरं लागताच मी पर्समधून शिट्टी काढली. माझ्या मागून मार्टिनचं फिडल. मग डावीकडून, उजवीकडून, शेवटच्या रांगांतून शिट्ट्या, फ्लूट, कुणाचं तरी अकॉर्डियन. सगळा हॉल वाजायला लागला. आणि त्याच्या संथ लयीत नाही, जिगच्या लयीत. लोक पायाने ठेका धरत होते.

परचुऱ्याने डोळे उघडले. आधी हसला, मग त्याला कळलं की ही सगळी माणसं सूर शोधत नाहीयेत, त्यांना चाल पाठ आहे. उडीसकट. त्याची बासरी दोनदा अडखळली, तरी गर्दीने त्याला शेवटपर्यंत ओढत नेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मागून एक म्हातारा ओरडला, "शाबास, मास्टर दौलत."

मिस्टर हेहिर माइकपाशी आले. खुशीत होते. त्यांनी तिथल्या रीतीने विचारलं, "निनाद, कुणाकडून मिळाली रे ही तुला?"

परचुरे म्हणाला, "माझ्या गुरूंकडून."

"नाही नाही," मार्टिन फिडल खाली करून म्हणाला. अगदी सरळपणाने म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं. "ही मास्टर दौलत्स. सुलाच्या वडिलांची आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मिस्टर हेहिरांनी विचारलं, "होय का, सुला?"

आता बघा, नुसतं होय म्हणून खाली बसता आलं असतं. पण मी उभी राहिले आणि आठ महिने साठवलेलं सगळं बाहेर काढलं. गाडीत मोबाइलवर घेतली ते सांगितलं. माझ्या वडिलांचं नाव घेतल्याने मूड जातो, हे त्याचे शब्द सांगितले. आणि मग माझी शिट्टी वर धरली. "हिला खाली जागा नाही, म्हणून मी शेवटी उडी मारते. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या बासरीला खाली जागा आहे. त्यांना विचारा, गुरूंनी उडी का शिकवली?"

हॉलमधला प्रत्येक माणूस वाजवणारा. प्रत्येकाला कळलं. सगळ्या माना आता परचुऱ्याकडे वळल्या.

परचुरे उठला. बासऱ्या गोळा करायला गेला तर पिशवी कलंडली, बासऱ्या स्टेजवरून घरंगळल्या. दोन उचलल्या, बाकीच्या सोडल्या आणि तो मागच्या दाराने तडक निघाला. आता त्या हॉलच्या मागच्या भिंतीला सारखीच दोन दारं होती. एक बाहेर जायचं. दुसरं भिंतीतल्या मोठ्या कपाटाचं, जिथे जास्तीच्या खुर्च्या आणि नाताळच्या नाटकाचं सामान ठेवतात. परचुरे दुसऱ्यात गेला आणि दार लावून घेतलं.

गावातल्या सगळ्यांना माहीत की ते कपाट आहे. सगळे दाराकडे बघत बसले. तो काही बाहेर येईना. कसा येणार? आत अंधारात खुर्च्यांना धडपडल्याचा आवाज आला, मग काहीतरी पत्र्याचं पडलं. पहिल्या रांगेतली एक बाई फस्सकन हसली, आणि मग सगळा हॉलच. कुणीतरी पुन्हा जिग सुरू केली. सगळे वाजवायला लागले, त्याला बाहेर काढण्यासाठी वाजवायला लागले, आणखी जलद, आणखी जलद. शेवटी गिटारवाल्याने जाऊन दार उघडलं. परचुरे बाहेर आला तो खांद्यावर नाताळच्या सोनेरी झिरमिळ्या घेऊन. पुन्हा दार चुकायला नको म्हणून तो पुढच्या दाराकडे निघाला, आणि वाजवणाऱ्या गर्दीतूनच त्याला सगळा हॉल ओलांडून जावं लागलं. तो जाईपर्यंत एकानेही शिट्टी तोंडातून काढली नाही.

मीही वाजवत होते. इतका आनंद मला नर्सिंगचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. माझ्याजवळून जाताना त्याने एकदा बघितलं. मी डोळे खाली केले नाहीत.

बाहेर पडताना नोराबाईंनी माझा दंड धरला. "झालं का तुझं समाधान?"

"झालं."

"गोष्ट चालीपेक्षा चांगली झाली," त्या म्हणाल्या. मी ते कौतुकच समजले.

दुसऱ्या दिवशी मिरजेला फोन लावला. आबांनी सगळं ऐकलं. कपाटापाशी त्यांना हसू आलं, पण ते भलतंच विचारत राहिले.

"मग आता माझ्या नावानं वाजवत्यात?"

"होय आबा."

"काय म्हंत्यात?"

"मास्टर दौलत्स."

"मास्टर. मला?" आणि पुन्हा, "बँडवाल्याला?"

"होय हो. सगळा गाव म्हणतो."

आबांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं. न्हाव्याला, दूधवाल्याला, जुन्या बँडमधल्या जे उरले होते त्यांना. आयर्लंड कुठं आलं ते त्यांना सांगता यायचं नाही, पण तिथं आपल्या नावाची चाल आहे हे ते सांगायचे. पुढच्या वर्षी गेले. तेवढं तरी ऐकून गेले, म्हणून मी शांत होते.

परचुऱ्याने क्लेअर सोडलं. कुठे गेला मला माहीत नाही, माहिती काढलीही नाही. मीही पुढे डब्लिनच्या इस्पितळात बदलून गेले. नोराबाई वारल्या. शिट्टी कधीमधी घरीच वाजवायची.

मग बऱ्याच वर्षांनी, एका रविवारी दुपारी, इस्पितळातल्या मैत्रिणी मला पबमध्ये जेवायला घेऊन गेल्या. कोपऱ्यात तरुण मुलं वाजवत बसली होती. त्यातल्या लाल स्वेटरच्या मुलीने शिट्टी काढली, ठेका धरला आणि आबांची चाल सुरू केली. उडीसकट. बाकीच्यांनी लगेच उचलली, सगळ्यांना येत होती. माझा घास हातातच राहिला. चाल संपली तशी मी उठून तिच्यापाशी गेले.

"काय नाव हिचं?"

"‘परचुरे इन द कबर्ड’," ती म्हणाली.

मी उभीच राहिले. म्हणजे कपाटातला परचुरे.

"ऐकली नव्हती का कधी?" तिला सांगायचा हुरूप आला. "फार जुनी आहे. क्लेअरमध्ये परचुरे नावाचा इंग्रज जमीनदार होता म्हणे. कुळं चालून आली तेव्हा कपाटात लपला. मग लोकांनी दाराबाहेर जिग वाजवून वाजवून त्याला बाहेर काढला. दोनशे वर्षं तरी झाली असतील."

शेजारचा फिडलवाला म्हणाला, "अडीचशे."

त्या मेल्या परचुऱ्याचा मला पुन्हा एकदा असा संताप आला की सांगू नका. माझ्या बापाच्या चालीवर येऊन बसलाय, आणि बसवलाय कुणी?

"अशी नाहीये ती," मी म्हणाले. "ही मास्टर दौलत्स आहे."

"कुणाची?"

"दौलत खरात. माझे वडील."

ती गोड मुलगी होती. तिने माझ्याकडे नीट बघितलं, जरा विचार केला आणि अगदी आदराने विचारलं, "ते पण होते का त्या कपाटात?"

"नाही," मी म्हणाले. "ते मिरजेत होते."